मैत्रिणीच्या नातीचं लग्न

जावईबापू लिफ्टच्या छतात अडकले, तेव्हा खाली लिफ्टमध्ये एक वकीलबाई उभ्या होत्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली होती आणि वकीलबाईंची सुटका करायला जावईबापू टपावरून, छतातल्या झडपेतून आत उतरत होते. आधी बूट उतरले, मग गुडघे उतरले. मग पोट आलं आणि उतरणं थांबलं.

"कुणी येतंय का?" वकीलबाईंनी लोंबकळणाऱ्या बुटांना विचारलं.

"मी येतोय," वरून आवाज आला.

"मग या ना."

"येतोच आहे."

पण येणं काही झालं नाही आणि परत जाणंही झालं नाही. तेवढ्यात खाली कुणीतरी वीज जोडली आणि लिफ्ट हळूहळू तळमजल्याला आली. दार उघडलं. बाहेर थांबलेल्या मंडळींना आत एक वकीलबाई आणि छतातून आलेले दोन पाय दिसले. "जागा नाही वाटतं," असं म्हणून मंडळी जिन्याने गेली.

शेवटी लिफ्ट कंपनीचे साहेब स्वतः टपावर चढले आणि ग्रीसचा अख्खा डबा रिकामा करून त्यांनी आपला सर्वांत जुना कारागीर सोडवला. जावईबापूंना ऑफिसातही सगळे जावईबापूच म्हणत. सासूबाई खिडकीतून त्यांना इतक्या मोठ्याने हाक मारत की खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"उद्यापासून तुम्ही तक्रारीच्या फोनवर बसायचं," साहेब हात पुसत म्हणाले. "ज्या दिवशी या झडपेतून सरळ खाली उतराल, त्या दिवशी पान्हा परत."

जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. बंद पडलेली लिफ्ट हलली की आतल्या माणसांचे चेहरे कसे उजळतात, ते बघण्यासाठीच तर ते ही नोकरी करत होते. फोनवर चेहरे दिसत नाहीत, नुसत्या शिव्या ऐकू येतात.

आता पोट कमी करायचं म्हणजे खाणं कमी करायचं, हे कुणीही सांगेल. पण सांगणाऱ्याला सासूबाईंचा रविवार माहीत नसतो. दर रविवारी जावईबापू बायकोला घेऊन सासुरवाडीला जेवायला जात. सासूबाई वाढायला उभ्या राहिल्या की ताटाचा तळ दिसण्याची सोय नव्हती. "नको" म्हटलं की त्यांचा चेहरा असा पडायचा की जावईबापू घाईघाईने "बरं, थोडं" म्हणत. डाएटचे सगळे प्रकार सोमवारी सुरू होऊन रविवारी दुपारी संपत. शेवटी त्यांनी ऑपरेशनचा निर्णय घेतला. पोटच लहान करून टाकलं की सासूबाई वाढून वाढून वाढतील किती?

पण गावात ऑपरेशन करायची सोय नव्हती. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात होती आणि गावातला यच्चयावत डॉक्टर तिच्याकडून चष्मा घेत असे. चाकू लावायच्या आधी बातमी तिच्या कानावर गेली असती. ती घाबरली असती, आईला बोलली असती आणि सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं असतं. म्हणून एका रविवारी जेवण झाल्यावर सगळे आडवे झालेले असताना जावईबापूंनी सासऱ्यांचा टॅब घेतला आणि परदेशातलं एक हॉस्पिटल शोधून काढलं. तिथे परदेशी रुग्णांना तुकडी करून बोलावत, विमानतळावर गाडी पाठवत, ऑपरेशन करत आणि चालता-फिरता माणूस परत पाठवत. जावईबापूंनी नाव नोंदवलं आणि टॅब होता तिथे ठेवून दिला.

टॅबची एक वाईट खोड असते. त्याच्यात एकदा काही शोधलं की तो ते विसरत नाही.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस फक्त पातळ पदार्थांवर राहायचं होतं, आणि त्या दिवसांत एक रविवार येत होता. जावईबापू हत्यारांची पिशवी घेऊनच जेवायला बसले.

"पिशवी कशाला मांडीवर?" बायकोने विचारलं.

"मध्येच फोन आला तर निघायला बरं."

त्या रविवारी सासूबाईंनी कमाल केली. नेहमीच्या वाढण्यावर त्यांचं समाधान होईना. त्या स्वतःच्या ताटातलं उचलून जावईबापूंच्या ताटात घालू लागल्या. "हा बटाटा घ्या, मला जास्त झाला. हा पाव घ्या. केक घ्या, माझा उष्टा नाहीये." लेकीचे डोळे भरून आले. आई स्वतः उपाशी राहून जावयाला भरवते आहे, असं तिला वाटलं. जावईबापू मात्र दोघांचं जेवण एकट्याने पिशवीत भरत होते. सासूबाई फक्त सूप पीत होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पिशवीत केक पान्ह्यावर बसतोय की पान्हा केकवर, याच चिंतेत ते होते.

सासरे मात्र मजेत जेवत होते. ते फुटबॉलचे निवृत्त पंच. जन्मभर मैदानात धावल्यामुळे अंग काठीसारखं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. गळ्यातली शिट्टी निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. जेवण संपलं की ते शिट्टी वाजवून उठत. बाकी सगळ्या घराच्या आकारमानावर टीका करणं हा त्यांचा विरंगुळा होता.

"तुम्ही दोघं शेजारी बसलात की टेबल तुमच्याकडे कलतं," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, "अगं, सांगायचं राहिलं. माझ्या बालमैत्रिणीच्या नातीचं लग्न आहे. परदेशात. मी या आठवड्यात जाते."

"अय्या, यालाही जायचंय परदेशात. नव्या लिफ्टचं प्रशिक्षण आहे," बायको म्हणाली. "घर अगदी रिकामं होणार की!"

जावईबापू मनातून खूश झाले. सासूबाई लग्नात रमल्या म्हणजे त्यांना फोन करायला वेळ मिळणार नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी बिचाऱ्या बायकोने दोघांना विमानतळावर सोडलं आणि दोघांनाही हात हलवून निरोप दिला.

ऑपरेशन छान झालं. पोटावर चार-पाच बारीक भोकं आणि आत केळ्याएवढं उरलेलं पोट. गुंगी उतरल्यावर नर्स आली आणि म्हणाली, आता चाला. जितकं चालाल तितकं लवकर बरं वाटेल. जावईबापू सलाईनचा चाकाचा खांब ढकलत व्हरांड्यात आले. अंगात हॉस्पिटलचा गाऊन होता. पुढून तो अगदी सभ्य दिसायचा, पण मागून उघडा होता. मागच्या नाड्या बांधायला हात पोचत नव्हता, पण परक्या देशात आपल्याला ओळखतंय कोण, म्हणून ते निर्धास्त होते.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी एक खांब येत होता. तसाच गाऊन, तशीच सावकाश पावलं. दोन्ही खांब जवळ आले.

"जावईबापू!"

"आई!"

दोघांनाही पळून जायचं होतं, पण पळायला पाठ फिरवावी लागते, आणि पाठ फिरवण्यासारखी परिस्थिती दोघांचीही नव्हती. शेवटी दोघं एकमेकांकडे बघत, हसतमुखाने, एकेक पाऊल मागे सरकू लागले. मागे तोंड करून बघण्याची सोय नसल्यामुळे सासूबाई भिंतीला टेकल्या आणि जावईबापू लिफ्टच्या बटणावर. लिफ्टचं दार उघडलं. आतल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे मागून पाहिलं आणि दार पुन्हा बंद केलं.

नर्सला काय झालं ते कळेना. तिने दोघांच्याही नाड्या करकचून बांधल्या आणि खुणेनेच बजावलं, दोघं एकत्र चाला.

"लग्न कसं झालं?" काही अंतर गेल्यावर जावईबापूंनी विचारलं.

"तुमच्या लिफ्टसारखंच," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसलं की टाके दुखतात हे दोघांनाही एकदमच समजलं.

"पण आई, तुम्ही इथे कशा?"

"त्या टॅबमुळे. मी बघायला बसते शिवणकाम, आणि हा डॉक्टर हसत हसत समोर! 'वजनाला निरोप द्या, आमच्याकडे या.' सकाळी तोच, संध्याकाळी तोच. मला वाटलं, माझे गुडघे किती दुखतात ते एका यंत्राला कळतं आणि घरातल्यांना कळत नाही. यांना सांगितलं असतं तर शिट्टी वाजवून थट्टा केली असती."

जावईबापूंनी एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा छताकडे. मग टॅबमध्ये ते हॉस्पिटल कुणी शोधलं होतं ते सांगून टाकलं. आणि ओघातच, का शोधलं तेही.

"मला तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं हो, आई."

सासूबाई चालता चालता थांबल्या. "अहो, पण तुम्हाला आवडतं म्हणून तर मी करत होते! पहिल्यांदा घरी आलात तेव्हा म्हणालात, असं जेवण मी जन्मात जेवलो नाही. त्याआधी इतकी वर्षं मी रांधलं, पण माझ्या हाताला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. जेवण झालं की शिट्टी, बस. तुम्ही बोललात, त्या दिवसापासून मी रविवारची वाट बघायला लागले."

जावईबापूंना एकदम फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. "ते खरंच होतं, आई," ते म्हणाले. "फक्त अर्धं वाढलं असतंत तरी खरंच राहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी बायकोचा व्हिडिओ कॉल आला. जावईबापू शर्ट चढवून लिफ्टसमोर उभे राहिले आणि दाराच्या मोटरबद्दल माहिती सांगू लागले.

"अरे, तुझ्या मागून आत्ता आई गेली!"

"छे! इथल्या या वयाच्या सगळ्या बायका तशाच दिसतात."

"म्हणजे कशा?" मागून आवाज आला. जावईबापूंनी फोन घाईने बंद केला.

"तशाच म्हणजे काय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रेमळ," जावईबापू म्हणाले. पण तोवर सासूबाईंचाच फोन वाजायला लागला होता. आता लेक सासऱ्यांच्या टॅबवरून बोलत होती.

"आई, नवरी दाखव ना!"

"दाखवते, दाखवते. आत्ता सगळे तयार होतायत. थोड्या वेळाने कर."

फोन ठेवल्यावर सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. जावईबापू मात्र कारागीर माणूस. बंद पडलेली गोष्ट सुरू करायची एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी स्वागतकक्षातल्या फुलांच्या कुंड्या आणवल्या. नर्सच्या डोक्यावर बँडेजची जाळी घालून तिला नवरी केलं. नवरा मात्र मिळेना. शेवटी त्याच तुकडीतला एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर तयार झाला. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण नर्सशेजारी उभं राहायला त्याची काही हरकत नव्हती. बाकीचे रुग्ण वऱ्हाडी म्हणून मागे उभे राहिले. सगळ्यांना सक्त ताकीद होती की कुणीही पाठ फिरवायची नाही.

कॉल आला. सासूबाईंनी फोन हातात धरला आणि जावईबापूंनी बाजूला उभं राहून टाळ्यांची खूण केली. टाळ्या वाजल्या.

"किती गोड आहे गं नवरी!" लेक म्हणाली. "पण वऱ्हाडी सगळे एकाच मापाचे कसे?"

"एकाच घराण्यातले आहेत."

"आणि जेवायला काय होतं?"

सासूबाईंनी डोळे मिटले. सकाळपासून त्या फक्त चमच्या-चमच्याने पाणी प्यायल्या होत्या. मग त्यांनी असं जेवण वर्णन केलं की जावईबापूंना खांबाचा आधार घ्यावा लागला. लोण्यात परतलेले बटाटे, गरम पाव, वर वितळणारं चीज, तीन थरांचा केक. ट्रक ड्रायव्हरला भाषा कळत नव्हती, पण सासूबाईंचे हात पाहून त्याला सगळं कळलं आणि तो भर लग्नात हुंदके देऊ लागला.

"नवरा का रडतोय?"

"आनंदाने."

"थांब हां, याला पण दाखवते ही गंमत." आणि लेकीने एका हातात टॅब धरून दुसऱ्या हाताने आपल्या मोबाईलवरून नवऱ्याला फोन लावला.

जावईबापूंच्या फोनची घंटा म्हणजे लिफ्टमधली धोक्याची घंटा. ती लग्नाच्या हॉलमध्ये दणदणीत वाजली. लेकीने फोन बंद केला. घंटा थांबली. तिने पुन्हा लावला आणि घंटा पुन्हा वाजली.

"आई, ही कसली घंटा?"

"इथली पद्धत आहे गं. लग्न लागलं की वाजवतात."

"दोनदा?"

"नवरा आणि नवरी. प्रत्येकी एकदा."

"असं होय," लेक म्हणाली, आणि पुढे काही न बोलता तिने कॉल बंद केला. लग्न निर्विघ्न पार पडलं, म्हणून सगळ्यांनी एकेक चमचा पाणी घेतलं.

दोघं ठरल्याप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी परतले आणि रविवार आला. सासूबाईंना स्वयंपाकघरात पाऊल टाकू न देता लेकीने सकाळपासून ओट्याचा ताबा घेतला होता. टेबलावर घरातली होती नव्हती तेवढी मोठी पातेली झाकून ठेवलेली होती. ती पातेली पाहून दोघांच्याही केळ्याएवढ्या पोटात गोळा आला.

"प्रवासातून दमून आलात," बायको म्हणाली. "आज पोटभर जेवायचं. सगळं संपवायचं."

"मला फारशी भूक नाही," जावईबापू म्हणाले.

"मला तर लग्नाचं अजून जिरतंय," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी शिट्टी वाजवली आणि लेकीने पहिलं झाकण काढलं. तळाशी पाण्यासारखं गाळलेलं सूप होतं. दुसरं झाकण काढलं, तिथेही तेच. तिसऱ्यात दोन छोट्या वाट्या आणि दोन चमचे होते.

"घोट घोट घ्यायचं आणि मध्ये थांबायचं. मी डॉक्टरांना विचारून केलंय," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "कॉल संपला आणि टॅबवर हसरा डॉक्टर आला, 'वजनाला निरोप द्या!' दोघांनीही पोटं कापून घेतलीत आणि मी इथे लोकांना फ्रेम दाखवत बसले होते! काही झालं असतं तर? माझ्या हाताने सोडून आले मी दोघांना. हात हलवला!"

जावईबापू उठून तिच्याजवळ गेले. "चुकलं," ते म्हणाले. "तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

"मग आता काय मी नाचतेय?" ती म्हणाली, आणि रडता रडता तिने त्यांची वाटी भरली.

"मला एवढंच सांगा," सासरे म्हणाले, "त्या नवरदेवाच्या हाताला सलाईन का होतं? हुंड्यात मिळालं की काय?" आणि ते इतके हसले की शिट्टी गळ्यात आपोआप वाजू लागली.

त्यानंतरचे काही महिने सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं. कुणी भेटलं की लग्नाची गोष्ट. सासूबाई बाहेर निघाल्या की "कुठल्या नातीचं लग्न आज?" जावईबापू आले की "या, मुलाकडचे आले." दोघं मुकाट्याने ऐकून घेत, कारण दोघं आठवड्या-आठवड्याला हलके होत होते. सासूबाई तर लिफ्ट सोडून जिन्याने चढायला लागल्या. त्यांचा रविवारचा स्वयंपाक मात्र होता तेवढाच राहिला. इतक्या वर्षांचा हात, त्याला कमी करणं काही जमेना. जावईबापू चार घास खात आणि मनापासून सांगत, असं जेवण मी जन्मात जेवलो नाही. सासूबाई खुलून जात. उरलेलं सगळं मग सासऱ्यांसमोर ठेवलं जाई. टाकून थोडंच देणार? थट्टा करता करता माणसाला भूकही चांगली लागते.

एके दिवशी तक्रारीच्या फोनवर जावईबापूंनी जे ऐकलं, त्याने ते खुर्चीतून उठलेच. सासऱ्यांच्या बिल्डिंगमधली लिफ्ट अडकली होती आणि आतून कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"साहेब, ही मला द्या."

साहेबांनी त्यांच्या ढगळ झालेल्या पँटकडे पाहिलं आणि ग्रीसचा डबा काखोटीला मारून तेही सोबत निघाले.

जावईबापू टपावर उतरले आणि त्यांनी झडप उघडली. पाय सोडले. गुडघे गेले. पोट आलं, आणि ते कधी गेलं हे पोटालाही कळलं नाही. दोन्ही बाजूंना बोटबोटभर जागा ठेवून जावईबापू सरळ लिफ्टमध्ये उभे राहिले. वरून साहेबांनी डबा ठेवून टाळ्या वाजवल्या आणि खाली पान्हा दिला. जावईबापूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांना इतका आनंद झाला की आत कोण आहे, हे बघायचंच राहून गेलं.

आत सासरे होते. कोपऱ्यात प्रवासाची बॅग होती आणि काखेत टॅब. शर्टाची मधली दोन बटणं लागत नव्हती, म्हणून शिट्टी तिथे पुढे ओढून घेतली होती.

"बरं झालं तुम्ही आलात," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "विमान चुकलं असतं."

"कुठे निघालात, बाबा?"

सासऱ्यांनी घसा साफ केला. "माझा एक बालमित्र आहे. त्याच्या नातवाचं लग्न आहे. परदेशात. घरी काही बोलू नका, उगाच सगळे निघतील."

जावईबापूंनी पान्हा फिरवला. लिफ्ट हलली आणि सासऱ्यांचा चेहरा उजळला. जावईबापूंना हसू आवरत नव्हतं, पण हसले असते तर पुढचे कित्येक रविवार वाया गेले असते. तळमजला आला. त्यांनी बॅग उचलून बाहेर ठेवली आणि सासऱ्यांच्या कानाशी वाकून म्हणाले,

"एक ऐका, बाबा. लग्नात पोचलात की दोन गाऊन मागून घ्या. एक पुढून घालायचा, एक मागून."